दार जिकडे, घर तिकडे

ब्रेडा, २ मे २०१२

प्रिय गोमार,

फोन केला असता तर तू तो आपटला असतास, म्हणून लिहिते आहे.

काल दुकानाच्या दारात मी मुद्दाम उभी होते. एरवी तिथे आमचा दरवान रेदुआन असतो. त्याने तुम्हाला अडवलं असतं तर तू त्याच्याशी भांडला असतास, आणि तो बिचारा नोकरी करतो. अडवायचंच तर मामेभावाला मी अडवावं, असं वाटलं. तू म्हणालास, "मीन, आम्हाला ओळखत नाहीस का?" मी म्हटलं, "राहण्याचा दाखला दाखव." मागची माणसं हसली. तुझी लीव चाकांच्या खुर्चीत बसून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. ती हसली नाही आणि रागावलीही नाही.

नियम तुला माहीत आहे, तरी लिहून ठेवते. नेदरलँड्सचा रहिवासी नसेल त्याला कालपासून आमच्यासारख्या गांजा विकणाऱ्या कॉफीशॉपमध्ये पाऊल टाकता येत नाही. इथल्यांनाही नाव नोंदवून पास काढावा लागतो. आत एक बेल्जियन सापडला तरी महापौर कुलूप ठोकू शकतात. साध्या कपड्यांतले पोलीस दोनदा येऊन गेले. माझ्या भरवशावर बारा-पंधरा पोटं आहेत. मावसबहीण नाही, मामेभाऊ नाही, कोणीच नाही.

तुम्ही गेल्यावर बंदरावर शुकशुकाट झाला. फ्रान्सच्या नंबरपाट्यांच्या गाड्या नाहीत, अँटवर्पची पोरं नाहीत, शेजारच्या बाईंच्या उंबऱ्यावर लघवी करणारं कोणी नाही. त्या बाईंनी मला केक आणून दिला. मी धक्क्यावर उभी राहिले तेव्हा नदी ऐकू आली. भिंतीला लागून हळू पाणी हलतं, तो आवाज. दुकान काढल्यापासून नदी समोरच होती आणि मी ती कधी ऐकली नव्हती. मग बगळा आला. दुकानाच्या पाटीवर रंगवलेला नव्हे, खरा. चालत चालत दारापर्यंत आला आणि आत डोकावला. मी बाजूला झाले. दाखला मागायचं सुचलं नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. दर मंगळवारी लीव खिडकीच्या टेबलाशी बसते, तू तिच्या ओठांशी सिगारेट धरतोस, आणि थोड्या वेळाने तिच्या आजाराने आखडलेल्या मुठी उघडतात. आधी करंगळी. मग बाकीची बोटं, एकेक, कोणी आतून ढकलल्यासारखी. अंगठा शेवटी. तेवढा वेळ मी काही विकत नाही. गिऱ्हाईकही थांबतं. चर्चमध्ये मी अनेकदा गुडघे टेकले आहेत, पण तिथे मला कधी असं काही दिसलं नाही.

लीव कशी आहे ते कळव.

तुझी,
याकोमीन


बार्ले, ७ मे २०१२

याकोमीन,

पत्र मिळालं. लीव बरी आहे.

तुझा बाप इथे दारूचा गुत्ता चालवायचा. हॉलंडची बंद करायची वेळ झाली की टेबलं उचलून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात मांडायचा, कारण सीमा खोलीच्या मधून जायची आणि तो कोपरा बेल्जियमचा होता. पोलीस दारात उभा राहून बघत बसायचा. त्या माणसाची पोरगी आम्हाला दाखला मागते.

केक खा.

गोमार


बार्ले, ११ जून २०१२

प्रिय मीन,

अक्षर रोझविथाचं आहे, शब्द माझे. ती रोज सकाळी मला अंघोळ घालायला येते. आता गोमार पाव आणायला गेला आहे, तेवढ्यात लिहून घेते.

त्याने तुला मी बरी आहे असं लिहिलं असणार. मी बरी नाही. मुठी आता उघडतच नाहीत. नखं तळव्यात रुततात म्हणून रोझविथा लोकरीच्या गुंडाळ्या करून आत सरकवते. त्या सरकवताना मी काय ओरडते ते ती लिहीत नाहीये. लिही म्हटलं तर मान हलवते.

मे महिन्यातच गोमारने हमरस्त्यावरच्या गाड्या थांबतात तिथून एका माणसाकडून पुडी आणली. तुझं दुकान बेल्जियनांना बंद झाल्यापासून तो माणूस तिथे गाडी लावून बसतो म्हणे. त्यात काय होतं देव जाणे. मला भिंतीवर भुंगे दिसायला लागले आणि दोन दिवस उलट्या झाल्या. गोमार रात्रभर माझं डोकं धरून बसला होता आणि मला वाटत होतं, हा कोण म्हातारा. हे त्याने तुला सांगितलं नसेल. कळलं तरी बोलू नकोस. त्याला फार लागलं आहे.

तुझ्यावर माझा राग नाही. त्या दिवशी दारात तुझे गुडघे थरथरत होते. खुर्चीत बसणाऱ्या माणसाला तेच आधी दिसतं.

माझ्यासाठी नियम मोडू नकोस. पण माझं टेबल दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.

अलीकडे गोमार पुढच्या खोलीतल्या भिंतीकडे बघत बसतो. उठतो, भिंत ठोकून बघतो, पुन्हा बसतो. काही विचारलं की म्हणतो, "लापशी खा." ताकातली लापशी मला आवडते, पण दिवसातून तीनदा नाही.

लीव


ब्रेडा, १६ जून २०१२

प्रिय लीव,

तुझं टेबल रिकामं आहे. खरं म्हणजे सगळीच टेबलं रिकामी आहेत. ब्रेडाचे लोक म्हणतात, सरकारी यादीत नाव घालून ओढायचं तर मग मजा कसली. दोन मुलींना मला कामावरून काढावं लागलं. पण तुझ्या टेबलावर मी पाटी ठेवली आहे. गर्दी झाली तरी ते कोणाला मिळणार नाही.

तू म्हणतेस नियम मोडू नकोस. मी एक विचारते. रविवारी दुकान बंद असतं. मी थोडं पिशवीत घालून तुमच्याकडे आणलं तर? सीमेवर कोण बघतंय? तुमच्या स्वयंपाकघरात बसून ओढू. पकडले गेले तर परवाना जाईल, हे मला कळतं. पण भुंग्यांचं वाचल्यापासून मला झोप नाही.

गोमारला यातलं काही बोलणार नाही.

मीन


बार्ले, २० जून २०१२

मीन,

लीवच्या नावाचं पत्र कोण उघडतं असं तुम्हा दोघींना वाटलं होतं? तिच्या हातांनी तर ते उघडणार नाही. पत्र मीच उघडतो आणि मीच वाचून दाखवतो. भुंग्यांपर्यंत आलो आणि थांबलो. लीव म्हणाली, "पुढचं वाच की. आता काय राहिलंय?" म्हणून सगळं वाचलं.

तिचं उत्तर तिच्याच शब्दांत: "मीनला सांग, शेळीला गोठ्यामागे पाला टाकतात तसं मला खायचं नाही. मी आजारी आहे, चोर नाही. मला कोट घालून, टोपी घालून, माणसांत जाऊन बसायचंय." त्यामुळे पिशवी आणू नकोस. तू विचारलंस एवढं पुरे झालं. केकचं मी जे लिहिलं ते परत घेतो.

आता माझं ऐक.

तुला आपल्या गावाचा कायदा सांगायला नको. दोन देशांमधली रेषा घरातून गेली तर दार जिकडे, घर तिकडचं. आमचं दार बेल्जियममध्ये उघडतं, म्हणून आम्ही बेल्जियमचे. पण पुढची खोली, जिथे लीवचा पलंग आहे, तिचा अर्धा भाग हॉलंडमध्ये आहे. ती रेषा दाखवणारे रस्त्यावरचे धातूचे खिळे थेट आमच्या भिंतीशी येऊन संपतात. मी आयुष्यभर लोकांच्या भिंती बांधल्या. एक दार चार हात डावीकडे सरकवणं मला जड नाही.

दार सरकलं की आम्ही दोघं तुमच्या देशाचे रहिवासी. मग तू दारात उभी राहा आणि माग दाखला.

गोमार


ब्रेडा, २५ जून २०१२

प्रिय गोमार,

तुझं पत्र रेदुआनला वाचून दाखवलं. तो खुर्चीत बसला. म्हणाला, "एका सिगारेटसाठी माणूस घर फिरवतो?" मी म्हटलं, घर नाही, फक्त दार. तो म्हणाला, "आमच्याकडे असल्या माणसाची लोकं समाधी बांधतात." अजून मेलेला नाही, असं सांगावं लागलं.

माझ्या बापाची टेबलं रोज रात्री परत जागेवर येत होती. तुझं दार परत यायचं नाही. नीट विचार कर. वयाने तू माझ्याहून मोठा आहेस, शिडीवरून पडलास तर लीवला कोण बघणार?

आणि दोन्ही नगरपालिकांची परवानगी घे. आधी विटा फोडून मग अर्ज करू नकोस. मी तुला ओळखते.

याकोमीन


बार्ले, २३ सप्टेंबर २०१२

प्रिय मीन,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण हातांना दुसरं काम होतं. परवानगी घेतली होती. दोन्हीकडची.

भिंत फोडायच्या दिवशी मी लीवला सांगितलं, तुला मागच्या खोलीत नेतो, धूळ होईल. ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत फोड." मी तिच्या अंगावर ओली चादर टाकली आणि बाहेरून घण घातला. भिंत जुन्या विटांची, चुन्यात बसवलेली. चुना फोडायला वेळ लागतो, पण फुटला की एकदम फुटतो. आतून लीव ओरडली. मला वाटलं वीट लागली. धावत आत गेलो.

तिला काही झालं नव्हतं. भोकातून ऊन आलं होतं आणि तिच्या चादरीवर पडलं होतं. थाळीएवढं असेल. लग्न झाल्यापासून आम्ही त्या खोलीत आहोत. त्या कोपऱ्यात कधी ऊन येत नसे; तिथे आम्ही बटाटे ठेवायचो. ते ऊन इतकी वर्षं रोज सकाळी भिंतीच्या बाहेरच्या अंगाशी येऊन थांबत होतं. लीव त्याच्याकडे बघत राहिली. मी घण खाली ठेवला. मला पुढे फोडायचं धैर्य होईना, जणू आत कोणी झोपलेलं आहे.

ती म्हणाली, "बघत काय बसलास? मोठं कर की."

चौकट बसवली, दार बसवलं, जुनं दार विटांनी बुजवलं. तुझ्या बापासारखं अर्धवट ठेवलं नाही. मग हॉलंडच्या मोजणी खात्यातून तेर्प्स्ट्रा नावाच्या बाई आल्या. उत्तरेच्या. तिकडचे लोक हसायला पैसे पडतात असं समजतात. तिपाईवर यंत्र ठेवलं, डोळा लावला. पुन्हा लावला.

मग म्हणाल्या, "अहो हूफकेन्स, तुम्ही दोरी कुठून धरलीत?"

"रस्त्यावरच्या खिळ्यांवरून."

"खिळे रस्त्यापुरते. फरसबंदी करणाऱ्यांनी सरळ ठोकलेत. खरी रेषा तुमच्या भिंतीशी येते आणि वळते."

मी म्हटलं, या गावात जन्मलो मी, रेषा कुठे आहे ते मला माहीत आहे. बाई वाद घालत बसल्या नाहीत. यंत्रातून एक लाल ठिपका सोडला. ठिपका नव्या दाराच्या चौकटीवर, वरच्या लाकडाच्या बरोबर मधोमध येऊन थांबला. मग तो दारावरून खाली, उंबऱ्यापर्यंत उतरला. उंबरा मी निळ्या दगडाचा घातला आहे. त्या दगडाच्या मध्यावर तो थरथरत उभा राहिला.

मीन, इथले राजे, सरदार, सैन्यं, सगळे जमीन वाटून घेऊन मेले. त्यांची भांडणं कोणाला आठवत नाहीत. आणि त्यांची ती रेषा अजून जागची हलली नाही. मी तिला शोधत नव्हतो, तरी माझ्या हाताने तिच्यावरच दार बसवलं.

लीव पलंगावरून हसायला लागली. मे महिन्यापासून हसली नव्हती. "शाब्बास रे गवंडी," म्हणाली. "एक दार लावलंस, तेही दोन देशांत."

तेर्प्स्ट्रा बाईंनी तिपाई मिटली. जाताना त्यासुद्धा जरा हसल्या. पैसे मागितले नाहीत.

रेषा दारातून गेली तर घर दोघांचं. आता आमच्या दारावर दोन क्रमांक आहेत, डावीकडे तुमचा, उजवीकडे आमचा. माणसांचं काय करायचं त्यासाठी दोन्हीकडचे कारकून आमच्याच स्वयंपाकघरात येऊन बसले. कॉफी झाली, सॉसेज भरलेले पाव झाले. रोझविथा बेल्जियमची नर्स. आम्ही दोघंही हॉलंडचे झालो तर ती उद्यापासून येऊ शकत नाही. एक जण बेल्जियमचा राहिला तर तिला या घरात यायला हरकत नाही, आणि घरात आल्यावर ती कोणाला अंघोळ घालते ते बघायला कारकून येणार नाहीत. असं त्यांनी ठरवलं. वर कुठे विचारलं नाही. आपल्या गावात असंच ठरतं.

"मग मी डावीकडून जाते," लीव म्हणाली, "तू उजवीकडून ये." म्हणजे ती हॉलंडची रहिवासी, मी बेल्जियमचाच.

पाच महिने धडपडलो ते दोघांसाठी. माझ्या दोरीमुळे एकच आत जाईल. तिच्या ओठांशी सिगारेट कोण धरणार, हे सांग.

गोमार


ब्रेडा, २० नोव्हेंबर २०१२

प्रिय गोमार,

सिगारेट मी धरेन. लीवचा दाखला निघेपर्यंत लिहायचं थांबले होते.

कालच बातमी आली, पास रद्द झाला. नाव नोंदवायचं नाही, यादी नाही. पासांचं कपाट रेदुआनने नाचत नाचत बाहेर काढलं. पण रहिवाशांचा नियम तसाच आहे. उद्या कोणी विचारलं तर मला लीवचा दाखला दाखवता आला पाहिजे आणि तुझा दाखवता येणार नाही. तेव्हा तुला बाहेर थांबावं लागेल.

पुढच्या मंगळवारी या. दुपारी, उजेड असताना. रेदुआनने सांगून ठेवलं आहे की लीवच्या खुर्चीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, उंबऱ्यावरून ती तोच आत घेणार. मी त्याला तुझं पूर्ण पत्र वाचून दाखवलं. ऊन आलं तिथे त्याने थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं.

तुझ्यासाठी बाहेर बाक टाकते. थंडी आहे, कानटोपी घाल.

मीन


बार्ले, २८ नोव्हेंबर २०१२

प्रिय मीन,

काल निघताना गडबडीत तुझे आभार मानायचे राहिले. रेदुआनचेही. तो "या बाईसाहेब" म्हणाला, त्यावर लीव गाडीत परतीच्या वाटेवर तीनदा बोलली.

कालचं सगळं तू आतून पाहिलंस. मी बाहेरून काय पाहिलं ते लिहितो, कारण बोलताना मला ते जमणार नाही.

दार लागलं आणि मी धक्क्यावर राहिलो. पहिल्यांदा राग आला. तिची टोपी सरळ करायची राहिली होती, आणि ती टोपी आता दुसऱ्या देशात होती. मग मी खिडकीकडे वळलो. काचेत नदी दिसत होती, आणि नदीच्या आत, टेबलाशी, लीव.

तुला खरं सांगतो, आत असताना मी तिच्या हातांकडे कधी बघत नसे. सिगारेट संपली की वर्तमानपत्र उघडून बसायचो. मला वाटायचं, मी बघितलं आणि त्या दिवशी ते उघडले नाहीत, तर ते माझ्यामुळे. मुठी उघडतात एवढं माहीत होतं. कशा उघडतात ते माहीत नव्हतं. तू पहिल्या पत्रात लिहिलंस ते वाचून वाटलं, मीन वाढवून सांगते, तिला दुकानाची जाहिरात करायची सवय आहे.

तू सिगारेट धरलीस. बराच वेळ काही झालं नाही. गल्ल्यापाशी एक उंच माणूस पैसे हातात धरून उभा होता आणि तो तसाच थांबला, हेही खरं निघालं. मग करंगळी. बर्फ वितळताना ओढ्यावर आधी एक भेग पडते आणि सगळं तसंच राहतं, आणि मग कुठेतरी दुसरीकडे हलतं, तसं. दुसरं बोट, तिसरं. लोकरीची गुंडाळी टेबलावर पडली आणि तू ती उचलली नाहीस. मग अंगठा. तो हात काचेपलीकडे, पाण्यावर, उघडा पडून होता. त्या हाताला मी अंगठी घातली आहे. तो मी रोज धुतो. आणि मला तो ओळखू येईना, इतका तो नवा होता.

मग तिने तो उचलला आणि हलवला.

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं कोणी ओळखीचं आलं असेल. धक्क्यावर कोणी नव्हतं. फक्त तुझा तो बगळा, एका पायावर. पुन्हा खिडकीकडे पाहिलं तेव्हा ती हसत होती आणि तुला काहीतरी सांगत होती. गाडीत मी विचारलं, काय सांगत होतीस. म्हणाली, "सांगत होते, हा म्हातारा माझाच आहे, पण बेल्जियमचा आहे. हात केला तरी त्याला कळायला वेळ लागतो."

मग मीही हात केला. हे तुला दिसलं का, माहीत नाही.

आज सकाळी मुठी पुन्हा मिटल्या आहेत. ते आम्हाला ठाऊक होतं. मंगळवार येईल.

आमचे दोन्ही कारकून काल संध्याकाळी येऊन गेले. म्हणाले, नर्सचं काहीतरी बघता येईल, थोडा धीर धरा, तुम्हालाही डावीकडे घेऊ. मी म्हटलं, इतक्यात नको. त्यांना वाटलं, मी देशासाठी म्हणतो आहे. वाटू दे.

आणि तो बाक काढून टाक. बसलं की खिडकीची खालची कड आड येते आणि टेबल दिसत नाही. मी उभा राहीन.

गोमार